निळी पेटी आणि एकखोटे सर

आमच्या सरांना आम्ही पाठीमागे एकखोटे म्हणायचो. खरं आडनाव सांगत नाही. त्यांची भाचरं अजून नागपुरात आहेत, उगाच भांडायला येतील. आणि एकखोटे हे नाव त्यांनी स्वतः कमावलेलं होतं. पहिल्याच तासाला वर्गात आले, टेबलावर फुंकर मारून धूळ आमच्याच तोंडावर उडवली आणि म्हणाले, "गोष्टीत एक खोटं चालेल. एकच. गाय इंग्रजी बोलते म्हणा, मी ऐकून घेईन. पण मग त्या गाईला चारा लागलाच पाहिजे, तिनं शेण टाकलंच पाहिजे, आणि दूध काढताना शेपटी मारलीच पाहिजे. दुसरं खोटं आलं की गोष्ट गेली नाल्यात."

हा आमचा विषय. कागदावर त्याचं नाव 'वैज्ञानिक कल्पित वाङ्मय'. आमच्या बाबांनी त्यातला 'वैज्ञानिक' तेवढा ऐकला आणि दुसऱ्या दिवशी मला दाखल करून आले. पोरगी पुढंमागं कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागणार, असं त्यांनी शेजाऱ्यांनाही सांगून टाकलं. मी काही खुलासा केला नाही. कोण करतं?

भिलाईची पहिली भट्टी पेटली होती त्यानंतरचे हे दिवस. कारखाना निम्मा उभा, निम्मा नकाशात. क्वार्टरांना नंबर होते पण रस्ते नव्हते, आणि लाल माती अशी उडायची की दोरीवरचं पातळ वाळेपर्यंत पुन्हा धुवायला यायचं. कॉलेज दुर्गात, एका बंद पडलेल्या राईस मिलमध्ये. आता ते कॉलेजही नाही आणि मिलही नाही. फळ्यावर जोरात लिहिलं की छतातून कोंडा पडायचा, आणि सर जोरातच लिहायचे. तास संपला की डोकं झटकून बाहेर यायचं.

दर शनिवारी हा वर्ग. मुलं मोजकी, पण प्रत्येक जण वेगळ्या मुलखातला. भिलाई तेव्हा तशीच होती. सरांनी कुणाचं नाव विचारलं नाही. "इकडे येताना घरून काय आणलं?" एवढंच विचारलं, आणि जे उत्तर आलं ते त्याचं नाव झालं. आंध्रातल्या वेल्डरच्या मुलानं लोणच्याची बरणी सांगितली, तो 'बरणी' झाला. एक सरदार पोरगा घरची खाट ट्रकवर टाकून आला होता, तो 'खाट'. प्रिन्सिपलसाहेबांच्या ऑफिसात बसूनसुद्धा सर सांगायचे, "खाट हुशार आहे, पण बरणीचं अक्षर चांगलं." साहेब बिचारे घाम पुसायचे.

मी 'पेटी'. मी सांगितलं होतं की आमच्या मायची एक निळी पत्र्याची पेटी आहे, पितळी कुलूप लावलेली, आणि ती कुणाला हात लावू देत नाही. बाबा आधीच इथं कामाला लागले होते. आम्ही मागून आलो, गोंदियाकडच्या गावाहून. दुर्ग स्टेशनात दादा पेटी उचलायला गेला तर माय त्याच्या अंगावर खेकसली, "राहू दे! मोडशीन!" आणि ती एवढी थोरली पेटी स्वतःच्या डोक्यावर घेऊन ताठ मानेनं पूल चढून गेली. क्वार्टरात येऊन दुसरं वर्ष लागलं तरी ती पेटी उघडली नव्हती. विचारलं की म्हणायची, "आपल्याले परत जाचं हाय. कायले उघडाचं?" दादाचं म्हणणं, आत चांदीची ताटं आहेत. मला वाटायचं, मायचा लग्नातला शालू असेल. शेजारणीही काहीतरी धरूनच होत्या, कारण त्या पेटीकडे बघून मायशी जरा अदबीनं बोलायच्या.

सरांचं ऐकायचं तंत्र मोठं मजेशीर होतं. आपण गोष्ट वाचायला लागलो की ते टेबलावर मूठ ठेवून बसायचे. पहिलं खोटं आलं की एक बोट वर. मग डोळे मिटून ऐकायचे. दुसरं आलं की दुसरं बोट वर, आणि सर उठून दार उघडून उभे राहायचे, घरी पाहुणा निघाला की राहतात तसे. लिहिणाऱ्यानं निमूट बाहेर जाऊन यायचं.

उशिरा येणाऱ्यालाही हाच न्याय. एकदा खाट धापा टाकत आला. सायकल पंक्चर झाली, त्यात फाटकही बंद होतं, म्हणाला. सरांनी दोन बोटं दाखवली, "दोनातलं एक निवड." त्यानं फाटक निवडलं. "बस." पुढच्या शनिवारी बरणी उशिरा आला आणि झोप लागली म्हणून मोकळा झाला. सर त्याच्याकडे कितीतरी वेळ वाईट तोंड करून बघत राहिले. "हे तर खरंच आहे," म्हणाले. "यात वाङ्मय कुठं आहे?" आणि त्याला उभंच ठेवलं.

रॉकेटचा त्यांना भारी कंटाळा. बरणीनं एकदा चंद्रावर जाण्याची लांबलचक गोष्ट आणली, तिच्यात नळ्या, झडपा, वेग, सगळं. सरांनी विचारलं, "आत स्वयंपाक कोण करतं?"

"सर, गोलियाँ खाते हैं."

"गोळ्या वाढतं कोण? मला वाढणाऱ्याचा हात दाखव."

बरणी चिडला. रागारागात त्यानं रॉकेटमध्ये आपल्या आजीलाच बसवलं. ती सगळ्यांना लोणचं वाढत, मीठ कमी पडलं म्हणून कुरकुर करत चंद्रावर गेली. ती गोष्ट ऐकताना सर चक्क रडले, नाक शिंकरून "पास" म्हणाले आणि वर्ग सोडून दिला.

परीक्षेत प्रश्न असायचे ते असे : समजा उद्यापासून मीठ गोड लागलं, तर तुमच्या घरात सगळ्यात आधी कोण रडेल आणि का? बाबांनी तो पेपर वाचला आणि मला जवळ बसवून हळूच विचारलं, "बाई, हे प्रयोगशाळेत कामी येते का?"

रविवारी सर दुर्ग स्टेशनावर जायचे. प्लॅटफॉर्म तिकीट काढून बाकावर बसायचे आणि उतरणाऱ्या माणसांचं सामान बघायचे. मी एकदा बाबांबरोबर तिकडे गेले होते तर मला हाक मारून शेजारी बसवलं. "नव्या ग्रहावर माणसं कशी उतरतात हे बघायला लोक दुर्बिणी लावतात," म्हणाले. "इथं बघ. तो बघ, सुपडं घेऊन आला. त्याच्या बायकोनं सांगितलं असेल, तिकडे सुपडं मिळत नाही." आणि इतके खूश झाले की बाबांनाही सुपड्याचा माणूस बघायला लावला.  परतताना घराजवळ आल्यावर बाबा म्हणाले, "मास्तर भला माणूस हाय. पण याले कोणी पगार देते?"

पगाराचीच गोची झाली पुढं. प्रिन्सिपलसाहेबांनी एक दिवस सरांना हटकलं, "इस कोर्स की किताब कौनसी है? बिना किताब का कोर्स हमने सुना नहीं." सोमवारपर्यंत पुस्तक दाखवा, नाही तर वर्ग बंद. आणि वर्ग बंद म्हणजे सरांची नोकरी बंद. नेमणूक कच्ची होती, तीही याच एका विषयापुरती. आम्हाला हे शिपायानं सांगितलं. त्याला सगळं माहीत असायचं.

सोमवारी मी रेल्वेच्या पासाच्या अर्जावर सही घ्यायला ऑफिसात उभी होते. सर आले ते काखेत एक जाडजूड, काळपट लाल बांधणीचं रशियन पुस्तक घेऊन. बाजारातल्या रद्दीवाल्याकडून आणलेलं. पण रशियन! भिलाईत तेव्हा रशियन म्हटलं की पुढं बोलणंच संपलं. लोक रशियन ड्रममध्ये पाणी भरून ठेवायचे आणि ते जास्त गार राहतं असं शपथेवर सांगायचे. साहेबांनी पुस्तक उघडलं, आतल्या गोल गोल आकृत्या बघितल्या आणि खुर्चीतून उठूनच उभे राहिले.

"उपन्यास है?"

"उपन्यास है," सर म्हणाले.

"आपको रूसी आती है?"

सरांनी मान हलवली. ती उभी हलली की आडवी, हे देवालाही सांगता आलं नसतं. साहेबांनी उभी धरली, आणि वर्ग वाचला.

तेव्हापासून दर शनिवारी सर ते पुस्तक उघडून समोर धरायचे आणि हिंदीत सांगत जायचे, मध्येच मराठीत घसरायचे. अशी कादंबरी मी जन्मात ऐकली नाही. लांबच्या एका ग्रहावर उजेडच नसतो. तिथं विटांची एक प्रचंड भट्टी बांधून माणसं स्वतःचा सूर्य तयार करतात. एवढं एकच खोटं. बाकी सगळं खरं. सगळ्या मुलखांतून लोक तिथं कामाला येतात, नळावर भांडतात, पाळीला जातात, गावाकडून पत्र आलं की उघडायला घाबरतात. इथल्या टमाट्याला चव नाही म्हणून नाक मुरडतात. एक म्हातारा घरात जागा असून बाहेर खाटेवरच झोपतो. रशियन लेखकाला खाट कशी ठाऊक, असं आम्हाला वाटलं नाही का? नाही वाटलं. रशियनांना सगळं ठाऊक असतं, असंच आम्ही धरून चाललो होतो.

मग एका शनिवारी त्या ग्रहावर एक म्हातारी उतरली. तिच्या डोक्यावर पेटी होती. सरांनी पान उलटलं आणि वाचलं, "पेटी निळी होती. तिला पितळी कुलूप होतं."

मी सरांकडे बघितलं. सर पुस्तकातच बघत होते, पण त्यांचे कान लाल झाले होते.

आता थोडं माझ्या रशियनचं सांगते. दादा कारखान्यात भट्टीच्या विटा रचणाऱ्या गँगमध्ये होता आणि ट्रेनिंगला रशियाला जायची त्याची खटपट चालली होती. कारखान्याच्या रशियन वर्गाला जायचा आणि घरी येऊन मोठ्यानं घोकायचा. तो घोकायचा आणि यायला लागलं मला, त्याच्या वहीतली अक्षरंसुद्धा. त्या शिकवणीत 'नमस्कार'च्या आधी 'वीट' आणि 'भट्टी' आली होती. पुढं बाजारात रशियन बायांना वांगी घेऊन देता देता मी बोलायलाही लागले. वांग्याचा भाव करता आला की कोणतीही भाषा येते.

तर पेटी निघाली त्याच्या पुढच्या शनिवारी सर पुस्तक टेबलावर ठेवून पाणी प्यायला गेले, आणि मी जाऊन कव्हर वाचलं. 'भट्टीचे विटांचे अस्तर : रचना व दुरुस्तीचे नियम.'

बापा! मला इतकं हसू आलं की पदर तोंडात कोंबावा लागला. मग हसू थांबलं. कारण ही गोष्ट बाहेर फुटली तर सरांना परत नागपूरला जाऊन शिकवण्या धुंडाळाव्या लागणार होत्या, आणि म्हातारीचं काय होतं ते आम्हाला कधीच कळणार नव्हतं. मी जागेवर येऊन बसले. सर आले. "वाचू?" म्हणाले. आम्ही म्हटलं, वाचा सर.

घरी मी दर शनिवारी ती गोष्ट मायला सांगत असे, एका खोट्याच्या नियमासकट. ती तांदूळ निवडत ऐकायची. पेटीवाली म्हातारी आली तेव्हा तिचा हात थांबला.

"मंग? उघडली का तिनं?"

"नाही अजून."

"उघडते का काय ती?" मायनं विचारलं, आणि मग दर शनिवारी दारातच विचारायला लागली. चप्पल काढायच्या आधी.

पण सर काही पेटी उघडेनात. म्हातारीनं किल्ली काढली की वावटळ यायची. कुलपाला किल्ली लावली की भोंगा वाजायचा. एका शनिवारी किल्ली अर्धी फिरली आणि तिच्याकडे बाहेरगावचे पाहुणे आले, ते उठेचनात. खाट वैतागून म्हणाला, "सर, ये रूसी लोग इतना टाइम क्यों लगाते हैं?" सर म्हणाले, "मोठी कादंबरी आहे."

आणि मग गॅदरिंग आलं. साहेबांनी प्रमुख पाहुणा म्हणून एका रशियन म्हाताऱ्याला बोलावलं. सगळा जन्म भट्ट्या बांधण्यात गेलेला माणूस. हात फावड्यासारखे, चेहरा लहान पोरासारखा. मिलच्या अंगणात मांडव, स्टेजवर टेबल, आणि टेबलावर आमचं पाठ्यपुस्तक. साहेबांनी पुस्तकाला झेंडूची माळसुद्धा घातली होती. आमच्या कॉलेजात रशियन वाङ्मय शिकवतात हे पाहुण्याला दाखवायचं होतं ना!

पाहुणा आला, पण दुभाष्या आला नाही. त्याला सकाळपासून जुलाब लागले होते. साहेब जराही डगमगले नाहीत. सरांकडे वळून सगळ्यांसमोर म्हणाले, "आपके होते हुए चिंता काहे की! आइए, आप ही बताइए."

मी सरांना तेव्हा पाहिलं तसं कधी पाहिलं नाही. घसा बसला, डोकं दुखतं, काहीही सांगून सुटता आलं असतं. दुसरा कुणीही सुटला असता. पण ते दुसरं खोटं झालं असतं. सर नुसते उभे होते, ओठ हलत होते आणि आवाज निघत नव्हता. समोर सगळं कॉलेज बसलेलं. स्वतःच्या नियमात असा अडकलेला माणूस मी परत पाहिला नाही.

मला राहवलं नाही. मी उठले. "सर, मैं करूँ? मला थोडी येते."

साहेबांनी भुवया उंचावल्या, पण वेळ नव्हता. मी स्टेजवर गेले.  तोवर रशियन म्हाताऱ्यानं माळ बाजूला करून पुस्तक उघडलं होतं. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"पोरी," तो रशियनमध्ये म्हणाला, "हे तर विटा रचायचं पुस्तक आहे. माझं सगळं आयुष्य यावर गेलं. इथं कसं काय?"

"क्या कह रहे हैं?" साहेबांनी विचारलं.

मी सरांकडे बघितलं. त्यांची मूठ टेबलावर होती.

"कह रहे हैं, इस उपन्यास पर उनका सारा जीवन गया है."

मांडवात टाळ्या. सरांचं एक बोट वर झालं.

"लेखक कोई बड़ा आदमी होगा, पूछो."

मी विचारलं. म्हातारा म्हणाला, एक माणूस कसा लिहील, बऱ्याच जणांनी मिळून लिहिलंय. मी तसंच्या तसं सांगितलं. साहेब भारावले, "वहाँ तो सब मिलकर ही करते हैं!"

"और अंत? अंत कैसा है?"

म्हाताऱ्यानं शेवटची पानं चाळली. म्हणाला, शेवटी आग पेटवायची. सावकाश. घाई केली की सगळं तडकतं. पण नीट पेटली तर वर्षानुवर्षं विझत नाही. मी हिंदीत सांगितलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. सरांचं बोट तसंच एकटं उभं होतं.

म्हाताऱ्यानं माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, "आता खरं सांग. ही पोरं हे वाचून करतात काय?"

"आमचे सर यातून गोष्ट सांगतात," मी रशियनमध्ये म्हटलं. "एक म्हातारी आहे. नव्या गावात आली आहे. तिची पेटी ती उघडतच नाही."

त्यानं एकदा सरांकडे बघितलं. मग माझ्याकडे वळला. "मग? उघडली का तिनं?"

इतकं मोठ्यानं विचारलं की साहेब लगेच, "अब क्या पूछ रहे हैं?"

मी खरं तेच सांगितलं. "पूछ रहे हैं, आखिर में पेटी खुलती है या नहीं."

"अरे! सारा जीवन पढ़ी, और यही भूल गए?"

झालं, म्हटलं. आता दुसरं खोटं लागणार. माझ्या तोंडात आलंही होतं, पण तेवढ्यात सरांचा आवाज आला, खणखणीत. "साहब, अच्छी कहानी में आदमी हर बार नए सिरे से पूछता है."

यात खोटं काहीच नव्हतं. साहेबांनी मान डोलावली आणि पाहुण्याला शाल दिली.

गॅदरिंग आटोपल्यावर सर मागे पोत्यांच्या जुन्या वजनकाट्यावर बसले होते. मला खूण करून बोलावलं.

"किती खोटं बोललीस?"

"एकच, सर. उपन्यास."

सरांनी विचार केला. "ते माझं. जुनंच आहे. तू नवं काही बोलली नाहीस. तुझं एक शिल्लक आहे, जपून वापर." मग खाली बघत विचारलं, "केव्हापासून माहीत होतं?"

"पेटी निळी निघाली तेव्हापासून."

"मग बोलली कावून नाहीस?"

"पुढं काय होते ते ऐकाचं होतं," मी म्हटलं. "मले कमी, मायले जास्त. ती दर शनिवारी दारात उभी राहून विचारते."

सरांनी कपाळावर हात मारला. "अगं, म्हणून तर उघडत नाही! त्या पेटीत काय आहे ते मलेच माहीत नाही."

मग आम्ही दोघं सरळ आमच्या क्वार्टरवर गेलो. बाबा आणि दादा पाळीला गेले होते. मायनं डोक्यावर पदर घेतला, "या जी गुरुजी, बसा," म्हणाली आणि चहाला आधण ठेवलं. सरांनी आडपडदा ठेवला नाही. पुस्तक विटांचं आहे, गोष्ट मनची आहे, म्हातारीची पेटी तुमची आहे, सगळं कबूल केलं. आणि विचारलं, "त्यात काय आहे ते सांगाल का? मले शेवट सुचून नाही राहिला."

 मायनं चहा गाळून माझ्या हाती दिला. जाऊन दार लोटून आली. गळ्यातल्या काळ्या दोऱ्यातली किल्ली काढली आणि पेटीपुढं बसली. कुलूप गंजलं होतं, हिसका द्यावा लागला. तिनं झाकण वर केलं.

आत काही नव्हतं. तळाला एक पिवळं पडलेलं वर्तमानपत्र होतं.

"निंगालो तवा आणण्यासारखं काईच नव्हतं जी," माय म्हणाली. "दोन भांडे होते, ते पोत्यात आले. पण नव्या गावात रिकाम्या हातानं कसं उतराचं? लोकं म्हणतीन, कुठचे उघडे-नागडे आले. म्हणून दिराची जुनी पेटी मागून घेतली. रंग मीच देल्ला, अन् कुलूप लावलं." झाकणावरून हात फिरवत ती थांबली. "एवढंच एक खोटं बोलली मी, गुरुजी. दुसरं नाई बोलली."

मला तो स्टेशनचा पूल आठवला, आणि एवढी थोरली पेटी घेऊन भराभर पायऱ्या चढणारी माय. किती हलकी वाटली होती ती तिला! मला रडू आलं, आणि रडताना चहा माझ्याच हातून सांडला.

सरांची मूठ गुडघ्यावर होती. सवयीनं बोट वर गेलं. त्यांनी त्या बोटाकडे बघितलं आणि ते परत मिटलं, मग दोन्ही हात जोडले. "बाई, मी इतके वर्षं हेच शिकवून राहिलो," म्हणाले. "मले असं एकही जमलं नाही."

मायला अशा बोलण्याची सवय नव्हती. ती पेटी लावायला लागली. कुलूप घालता घालता म्हणाली, "तुमच्या त्या बाईले पेटी उघडू नोका देऊ, गुरुजी. तिले तिथंच राहाचं हाय ना अजून."

पुढच्या शनिवारी सरांनी शेवटचं प्रकरण वाचलं. म्हातारीनं कुलपाला तेल दिलं आणि किल्ली परत गळ्यात घातली. मग नव्या उतरलेल्या बाया तिच्याकडे यायला लागल्या, इथं राहवतं का हो, असं विचारत. ती त्यांना पेटीवर बसवायची, पाणी द्यायची आणि म्हणायची, राहवतं. एवढं वाचून सरांनी पुस्तक मिटलं. वर्गात गदारोळ! बरणी बाकावर उभा राहिला, "सर, ये तो धोखा है! पेटी में था क्या?"

"लेखकाला माहीत होतं," सर म्हणाले. "त्यानं सांगितलं नाही." माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

रशियन म्हातारा मला बाजारात भेटला, त्यालाही मी शेवट सांगितला. त्यानं वांगी खाली ठेवून नीट ऐकला आणि "बरोबर" म्हणाला. मग घरी मायला सांगितला. त्या दिवसापासून ती पेटीवर बसून तांदूळ निवडायला लागली, आणि शेजारीण आली की सरकून तिलाही जागा द्यायची. परत जायचं असं जे म्हणायची, ते म्हणणं कधी बंद झालं, आमच्या लक्षातही आलं नाही.

सर मिल विकली जाईपर्यंत शिकवत होते. आता ते नाहीत, मायही नाही. बाबा शेवटपर्यंत मला विचारायचे, त्या प्रयोगशाळेचं काय झालं.

पेटी माझ्याकडे आहे, अजून निळीच. परवा माझी नात तिच्यापुढं बसली होती. तिला मराठी कळतं, पण बोलते हिंदीत. "नानी, इसमें क्या है?"

"खूप काई हाय, बाई," मी म्हटलं. "हात नोको लावू."

सरांच्या हिशेबानं माझं एक शिल्लक होतं. ते मी असं वापरलं.